किचनचा वजनकाटा, डाएट करताय तर घ्या

जिम, पावडर, डिटॉक्स ज्यूस वगैरे भानगडीत पडायच्या आधी हा काटा घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. ऑनलाइन ढिगाने मिळतात, पाचशेच्या आत येतो, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण सगळे साधारण सारखेच, ५ किंवा १० किलोपर्यंत मोजतात, १ ग्रॅमचाही फरक दाखवतात आणि बहुतेकांना पेन्सिल सेल लागतात.

खरी मजा टेअरच्या बटणात आहे. तेलाची बरणी काट्यावर ठेवायची, बटण दाबलं की शून्य, मग रोजच्यासारखं फोडणीपुरतं तेल काढायचं, जेवढं काढलं तेवढं मायनसमध्ये दिसतं. आमच्याकडची "अर्धीच पळी" १८ ग्रॅम निघाली! तेलाच्या १ ग्रॅमला ९ कॅलरी म्हणजे १६० झाल्या आणि ही नुसती भाजीची फोडणी, आमटी वेगळी, पोळीला लावायचं वेगळं. चौघांत वाटलं जातं मान्य, पण एनआयएनने (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ मध्ये जे ताट सांगितलंय त्यात २००० कॅलरीला माणशी तेल २७ ग्रॅमच आहे, सगळं धरून. आम्ही सगळे पोळ्यांच्या मागे लागलेलो, "एक पोळी कमी कर" म्हणून, आणि चोर बसलाय तिसरीकडेच.

साबुदाण्याची खिचडी तर विचारूच नका. एका डिशला ७० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, १० ग्रॅम तूप, झाल्या ५०० कॅलरी, बटाटा धरलाच नाही अजून. सासूबाई म्हणाल्या, "अगं उपवासाचं कोणी मोजतं का, पाप लागेल." पण आता चतुर्थीला छोटी वाटीभर खिचडी, काकडीची कोशिंबीर आणि ताक, आणि दुपारी डोळे मिटत नाहीत हे त्यांनीच सांगितलं बरं का.

एक लक्षात ठेवा, तांदूळ मोजताना कच्चा की शिजलेला ते आधी ठरवा, भात शिजून अडीच-तीन पट जड होतो आणि कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये चुकीचं टाकलं की सगळा हिशोब झोपतो.

आता वैताग. परात ठेवली की आकडा परातीखाली गायब, वाकून बघा. भाजी चिरता चिरता टाकत गेलं तर मध्येच बंद पडतो, चालू केला की परत शून्यापासून. मीठ, मसाला चिमटीने टाकलं तर त्याला कळतच नाही, त्यासाठी घेऊ नका. आणि आमच्या काकांसारखा स्वभाव असेल, म्हणजे पाहुण्यांसमोर बेदाणे मोजणारा, तर अजिबात घेऊ नका, घरात भांडणं होतील.

घेताना स्टीलची प्लेट असलेला बघा, पांढऱ्या प्लास्टिकवर हळदीचे डाग पडतात आणि घासूनही जात नाहीत, माझा आत्ताच पिवळा झालाय. ५ पैकी ४ स्टार.