रविवारचं करंट अफेअर्स लेक्चर, विषय शस्त्रविक्री: ५ पैकी साडेतीन

पोरगी राज्यसेवेचा अभ्यास करते म्हणून तिच्यासोबत गेलतो. क्लासचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे. रविवारी सकाळी दहाला असतं, एका लेक्चरचे १०० रुपये, पालकांना फुकट. विषय होता, दुसऱ्या देशाला शस्त्रं विकताना मानवाधिकाराची अट घालावी का. म्हणलं दोन तास निवांत झोप होईल, पण नाही झाली ओ.

सरांनी व्याख्याबिख्या सोडून डायरेक्ट मेक्सिकोलाच हात घातला. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीच्या जी३६ रायफली मेक्सिकोला गेल्या, पण तिथल्या चार राज्यांत द्यायच्या नाहीत असं ठरलेलं कारण तिथल्या पोलिसांचा रेकॉर्ड खराब, आणि गेरेरो हे त्या चारातलंच एक. २०१४ ला त्याच गेरेरोत इग्वाला गावात ४३ विद्यार्थी गायब झाले, आणि तिथल्या पोलिसांकडं ह्याच रायफली निघाल्या. पुढं २०१९ ला श्टुटगार्टच्या कोर्टानं कंपनीला ३७ लाख युरोचा दणका दिला. म्हणजे अट होती, माल कोण वापरणार त्याचं सर्टिफिकेट होतं, सही शिक्का सगळं होतं, माल खरंच कुठं उतरला ते बघायला मात्र कोण गेलं नाही.

इथं मला राहवलं नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघतो, आमच्याकडं फॉरेनच्या बायरचा ऑडिटर येतो तेव्हा कामगारांचे वयाचे दाखले, हजेरी, ओव्हरटाईम सगळं काढून ठेवावं लागतं, इमर्जन्सी दारासमोर एक पोतं दिसलं तरी रिमार्क मारतो. हात वर करून विचारलं, सर टॉवेलला एवढं आणि रायफलीला एक कागद? सगळे हसले. सर नाही हसले. म्हणले, काका, तुमच्यात घेणारा विकणाऱ्याला तपासतो, इथं विकणाऱ्यानं घेणाऱ्याला तपासायचंय, आणि गिऱ्हाईकाला कोण दुखवतंय? ह्या एका उत्तरासाठी मी एक स्टार वाढवलाय.

मागं युनिफॉर्मच्या धंद्यातले एकजण बसलेले, त्यांनी केरळातल्या कण्णूरची गोष्ट काढली. तिथली एक गारमेंट कंपनी इस्राएलच्या पोलिसांचे शर्ट शिवायची, २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी शांतता होईपर्यंत नवीन ऑर्डर घेणार नाही म्हणून सांगितलं. नुसते शर्ट ओ! हॉलमध्ये पाच मिनिटं नुसता कालवा.

मग अमेरिका. तिथं १९९७ पासून लेही कायदा आहे, सैन्याच्या किंवा पोलिसांच्या ज्या तुकडीनं गंभीर अत्याचार केल्याची विश्वासार्ह माहिती असेल त्या तुकडीला मदत बंद, आख्ख्या देशाला नाही. हे मला बरं वाटलं. पण इजिप्तचं उदाहरण ऐकून परत थंड झालो, त्यांना वर्षाला १३० कोटी डॉलरची लष्करी मदत, त्यातला थोडा हिस्सा मानवाधिकाराला बांधलेला, २०२१ ला १३ कोटी अडवले पण २०२४ ला पूर्ण रक्कम सोडून दिली, राष्ट्रहिताचं कारण देऊन. अट कायद्यात आणि पळवाट पण त्याच कायद्यात. "आपण नाही दिलं तर दुसरा देईल" यावर मात्र सर चांगलं बोलले, लढाऊ विमान एकदा घेतलं की पुढची तीसेक वर्षं पार्ट त्याच देशाकडनं, लगेच दुसरीकडं जाता येत नाही. लूम चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता तक्रार. नोट्समध्ये छापलंय की २०१३ च्या शस्त्रव्यापार करारावर भारतानं सही केली. साफ चूक! संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानात १५४ देश बाजूनं, इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया विरोधात, आणि भारत तटस्थ राहिला, सही आजपर्यंत नाही. कारण विकणाऱ्या देशांच्या हातात घेणाऱ्याविरुद्ध एकतर्फी हत्यार नको आणि दहशतवादी टोळ्यांबद्दल करार ढिला आहे, असं आपलं म्हणणं होतं. सर बोलताना बरोबर बोलले, झेरॉक्स चुकीची. हे पोरीनं पकडलं, मी नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर मार्क कोण भरून देणार मालक? काउंटरवर सांगितलं तर म्हणे पुढच्या बॅचला दुरुस्त करू. म्हणजे आमची बॅच गेली उडत. रेकॉर्डिंग पाठवतो म्हणलेले, दहा दिवस झाले पत्ता नाही. मागच्या दोन पंख्यांपैकी एकच चालतो आणि तो पण सरांच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.

तरी जा. पुढं बसा, नोट्स तपासून घ्या. येत्या रविवारी नदीपाण्याचे तंटे हा विषय आहे, आम्ही पण येणार होतो, पण आमच्या भागात नळाला पाणी यायचा नंबर नेमका त्याच सकाळी लागतोय.