डिझेल मुरलेल्या मातीला रिठ्याचं पाणी : आमच्या सोसायटीचा अनुभव

दिवाळीत जनरेटरच्या टाकीचा कॉक गळला आणि आमच्या मुलुंडच्या इमारतीमागच्या बागेत रात्रभर डिझेल मुरलं. आठवड्याभरात अनंताच्या झाडाने मान टाकली. सगळ्यांचं म्हणणं एकच, माती उपसा आणि डंपरने पाठवून द्या. पण ती जाणार कुठे? दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. म्हणून माती जागच्या जागी साफ करणाऱ्यांना बोलावलं.

पहिल्या दिवशी आलेल्या मुलीने दोन बरण्यांत मूठ-मूठ माती घातली. एकीत साधं पाणी, दुसरीत रिठ्याचं. दोन्ही खळखळून ठेवल्या. साध्या पाण्यात माती तळाशी बसली, वर रंगीत तवंगाची बारीकशी चकती. रिठ्याच्या बरणीत मात्र फेसाखालचं पाणी चहासारखं गढूळ झालं आणि झाकण उघडताच डिझेलचा भपकारा आला. मातीच्या कणांना घट्ट चिकटलेलं तेल सुटलं होतं. माझी आजी रेशमी लुगडी याच पाण्यात धुवायची. ही करामत रिठ्यातल्या सॅपोनिनची, म्हणजे त्याच्यातल्या फेस आणणाऱ्या नैसर्गिक साबणाची.

पण रिठा तेल सोडवतो, संपवत नाही. संपवतात जिवाणू. साफ करणाऱ्यांच्या दुसऱ्या कॅनमध्ये रॅम्नोलिपिड होतं, म्हणजे स्यूडोमोनास जातीचे जिवाणू स्वतःच तयार करतात तो साबण. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण, 72 मिलिन्यूटन प्रतिमीटरवरून तो 30 च्या आसपास आणतो. तेलाचे बारीक थेंब झाले की जिवाणूंना ते खाता येतात. त्यांना हवा, ओल आणि नत्रही लागतं, म्हणून शेणखत आणि थोडा युरिया मिसळून दर आठवड्याला फावड्याने माती वरखाली केली. खरं काम या फावड्याचं आहे. नुसतं रिठ्याचं पाणी शिंपडून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

तक्रारी दोन. दुसऱ्या खेपेला त्यांनी इतकं पाणी ओतलं की ओघळ थेट गटाराकडे निघाला. सुटलेलं तेल गटारात गेलं तर आपण काय साफ केलं? मी धावत जाऊन माळीदादांकडून मातीचा बांध घालून घेतला. हे त्यांनी आधीच करायला हवं होतं. शिवाय दीड महिना सांगून चार महिने लावले, आणि लॅबचा आधीचा-नंतरचा रिपोर्ट दोनदा मागावा लागला. तो आधीच ठरवून घ्या.

मी घरी मेथी पेरून पाहत होते. डिसेंबरात त्या मातीत एकही दाणा रुजला नाही, फेब्रुवारीत चार-पाच कोंब आले, मार्चअखेर चांगल्या मातीच्या कुंडीएवढीच दाट मेथी उगवली. डिझेलसाठी ही सेवा मी नक्की सुचवेन. जुन्या गॅरेजची किंवा बॅटरीवाल्याची जागा असेल तर मात्र सावध राहा. तिथल्या मातीतलं शिसं जिवाणू खाऊन संपवू शकत नाहीत. सॅपोनिनने ते पाण्यात उतरलं तरी ते पाणी गोळा करून वेगळं साफ करावंच लागतं.

टाकीच्या भिंतीलगत वीतभर पट्ट्याला अजून वास आहे. त्यासाठी त्यांना पुन्हा बोलावलंय, पावसाच्या आत. या वेळी बांध आधी.