घरचा किट की क्लिनिक? तरुणांसाठी लैंगिक संसर्गाची तपासणी

लक्षणे नसतील तर अ‍ॅपवरून मागवलेला किट पुरतो. क्लॅमिडिया आणि गनोरिया हे लैंगिक संसर्ग अनेकदा गुपचूप राहतात, आणि संकोचामुळे तरुण क्लिनिकची पायरी चढत नाहीत. किटचा खरा फायदा तिथेच आहे. अचूकतेतही तो मागे नाही: योनीमार्गातून स्वतः घेतलेला स्वॅब डॉक्टरांनी घेतलेल्या स्वॅबइतकाच भरवशाचा ठरतो, स्त्रियांमध्ये तर लघवीच्या नमुन्यापेक्षा सरस.

गडबड होते ती नमुना घेताना. लघवीचा नमुना द्यायचा तर आधी किमान एक तास लघवी करू नये, आणि धारेचा पहिला 20 ते 30 मिलि भागच घ्यावा. मधली धार घेतली की जंतू निसटतात. बोट टोचून घेतलेले रक्त हा किटचा सर्वात कच्चा दुवा. नळी अर्धवट भरते, बोट पिळल्याने रक्तपेशी फुटतात आणि नमुना बाद होतो. हात आधी कोमट पाण्यात धरावा. मुख किंवा गुदमैथुन झाला असेल तर घशाचा व गुदद्वाराचा स्वॅब हवाच. अनेक किटमध्ये तो नसतो.

स्राव, व्रण, ओटीपोटात दुखणे किंवा गर्भधारणा असेल तर थेट क्लिनिक. गनोरियाचे इंजेक्शनही तिथेच मिळते.

घाई दोन्हीकडे नडते: संबंधानंतर दोन आठवड्यांच्या आत केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. आणि हो, निकालाचा मेसेज लॉक स्क्रीनवर दिसणार नाही अशी सेटिंग आधीच करा.