नववीची भूमिती: ऑनर्स की रेग्युलर?

न्यू जर्सीत आठवीला अल्जिब्रा १ झालं की वसंतात कोर्स निवडीचा फॉर्म येतो आणि घरोघरी चर्चा सुरू होते: जॉमेट्री ऑनर्स, म्हणजे त्याच विषयाचा वरच्या पातळीचा वर्ग, घ्यायची की साधी (रेग्युलर)? आमच्या घरी दोन्ही झालं. मोठ्या मुलाने रेग्युलर घेतली, धाकटीने त्याच शाळेत ऑनर्स.

जीपीएचा, म्हणजे ग्रेडच्या सरासरीचा (ए म्हणजे ४, बी म्हणजे ३), विषय आधी संपवतो. नियम शाळेगणिक बदलतात, पण सर्रास पद्धत अशी की ऑनर्सला ०.५ जादा. म्हणजे ऑनर्समधला बी ३.५ आणि रेग्युलरमधला ए ४. निव्वळ आकड्यासाठी ऑनर्स घेण्यात फारसा अर्थ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर जीपीए काढताना नववीचे ग्रेड धरतच नाही. एपी कॅल्क्युलस, म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, तोही रेग्युलरमुळे हुकत नाही. आमचा मुलगा बारावीला तिथे पोहोचलाच.

रेग्युलरमध्ये त्याला शिक्षिका फार चांगल्या मिळाल्या. चाचणी बिघडली तर पुन्हा देता यायची, गृहपाठ जेवणाआधी उरकायचा, मार्चिंग बँडच्या सरावाला वेळ राहायचा. मुलीच्या वर्गात रिटेक नव्हता. ऑक्टोबरात तिला पहिल्यांदा सी मिळाला, तेव्हा तिची समजूत घालता घालता आम्ही दोघं हवालदिल झालो होतो. ज्या मुलांनी गणिताची धास्ती घेतली आहे, त्यांच्या पालकांनी हे हलक्यात घेऊ नये.

माझं मत ठरलं ते मात्र सिद्धतेवरून. आपण दहावीला पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहीत भूमिती शिकलो. इथे दोन रकाने करतात, डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण. मुलाच्या वर्कशीटवर ही सिद्धता जवळपास पूर्ण छापलेली असायची. मध्ये काही जागा रिकाम्या आणि खाली चौकटीत उत्तरांचे शब्द. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, हे त्याने असंच पूर्ण केलं. सगळ्या जागा बरोबर भरल्या होत्या. मी विचारलं, "हेच दोन त्रिकोण का घेतलेस?" तो म्हणाला, "बाबा, ते दिलेलेच होते."

भूमितीतलं खरं काम तेच तर आहे! कोणते त्रिकोण घ्यायचे, कुठे रेघ जोडायची, हे शोधायचं. ते सापडल्यावर कोबाको कसोटी लावणं अवघड नसतं. अवघड भाग छापून यायचा आणि सोपा तेवढा मुलाने भरायचा, हे मला वर्षभर खटकत राहिलं. त्याचे गुण उत्तम होते, त्यामुळे शाळेत जाऊन बोलणार तरी काय?

मुलीला तोच प्रश्न आला तेव्हा कागदावर फक्त आकृती आणि एक ओळ होती. ती आधी शेजारशेजारचे दोन त्रिकोण एकरूप दाखवायला गेली. बराच वेळ झटली. त्यासाठी चौकोन समभुज असावा लागेल, हे तिचं तिलाच उमगलं आणि मग तिने समोरासमोरचे त्रिकोण घेतले. त्या संध्याकाळी ती जे शिकली, ते मुलाच्या वर्कशीटमध्ये कुठेच नव्हतं.

एसएटीत, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेत, सिद्धता लिहावी लागत नाही, म्हणून गुणांत हा फरक दिसणार नाही. पुढे प्रीकॅल्क्युलसमध्ये त्रिकोणमितीची नित्यसमीकरणं सिद्ध करताना मला तो दिसला. पहिली पायरी कोणती घ्यावी, इथे मुलगा अडायचा. मुलगी दोन-तीन वाटा करून पाहायची. कदाचित यात स्वभावाचाही भाग असेल.

हा अनुभव एका शाळेचा आहे. तुमच्याकडे रेग्युलरमध्येही कोऱ्या कागदावर सिद्धता लिहून घेत असतील, तर रिटेकच्या सोयीसकट ती घ्यायला मी मागेपुढे पाहणार नाही. फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या मोठ्या मुलांकडून दोन्ही वर्गांची सिद्धतेची एकेक वर्कशीट मागून घ्या आणि शेजारी ठेवून पाहा. ऑनर्समधून खाली येण्याची शेवटची तारीखही काउन्सेलरला विचारून ठेवा. आमच्या शाळेत खाली येणं एका ईमेलवर झालं असतं. वर जायचं तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.