चिखलातून ओढत आणलेला सूड : जँगो (१९६६)

गेल्या आठवड्यात मालवणात पाऊस असा लागला की तीन दिवस घराबाहेर पडताच आलं नाही, लाईट येत-जात होती, लॅपटॉप तेवढा फुल चार्ज होता म्हणून काकांना घेऊन पडवीत बसलो आणि इटालियन दिग्दर्शक सर्जिओ कॉर्बुच्चीचा जँगो लावला. काका आयुष्यभर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढत आलेत, वेस्टर्न म्हणजे काउबॉयचे पिक्चर वगैरे कधी बघत नाहीत, मला वाटलं दहा मिनिटांत उठतील. पण पहिल्याच सीनला एक माणूस पाठीवर घोड्याचं खोगीर, खांद्यावर दोर आणि मागे शवपेटी ओढत चिखलातून चाललाय, घोडा नाहीच, आणि काका म्हणाले, "दोर खांद्यार घेतल्यार माणूस असोच चलता." बस, मग शेवटपर्यंत उठले नाहीत.

गोष्ट साधी आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय, जँगो उत्तरेकडून लढलेला, तो लढाईवर असताना त्याच्या बाईला मेजर जॅक्सनने मारलेलं. जॅक्सनची माणसं लाल कापडाने तोंड झाकून फिरतात, दुसरीकडे मेक्सिकन जनरल ह्यूगोची टोळी आणि मधे एक मेलेलं गाव, जिथे सलूनवाला (सलून म्हणजे दारूचा गुत्ता) आणि काही बायका सोडल्या तर कोण राहिलेलंच नाही. पेटीत काय आहे ते सांगत नाही, ते कळतं तेव्हा मी खरोखर ओरडलो.

पैसा कमी होता ते दिसतंच. रोमजवळच्या एलिओस स्टुडिओचा सेट, चार लाकडी घरं, एक रस्ता, आणि तो रस्ता म्हणजे नुसता चिखल. पण माझ्या मते पिक्चर उभा आहे तो त्या चिखलावरच. इतर वेस्टर्नमधे ऊन, धूळ, लांबच लांब वाळवंट, सगळं देखणं असतं, इथे पाय टाकला की रुततो, बायकांचे झगे गुडघ्यापर्यंत बरबटलेले, त्यामुळे सूड म्हणजे काहीतरी झोकदार काम वाटतच नाही, ओझं वाटतं, एकट्याने ओढायचं. जुलैत बंदरावरून घरी चालत आलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जँगो झालेला फ्रांको नेरो तेव्हा जेमतेम चोविशीचा, पण चेहऱ्यावर दाढी आणि थकवा असा की चाळिशीचा वाटतो, बोलतो फार कमी, सगळं त्या निळ्या डोळ्यांत. लुइस बाकालोव्हचं टायटल साँग अजून डोक्यात वाजतंय.

मधला सोनं लुटायचा भाग मला ओढलेला वाटला, सलूनमधल्या बायकांची मारामारीपण उगाच लांबवलीय, आणि जॅक्सनची माणसं एकाच जागी उभी राहून गोळ्या खातात. हे खटकतंच. पण मग जँगोचे हात चिरडतात तो सीन येतो. काका एकदम गप्प झाले, स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसले, दोराचे घट्टे पडलेले तळवे, आणि बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाले, "हात गेले मगे काय रवला?" त्यानंतर कबरस्तानातला शेवट. तुटलेल्या हातांचा माणूस पिस्तूल कसं चालवणार, याचं जे उत्तर कॉर्बुच्चीने काढलंय ते मोठ्या बजेटच्या कुठल्या पिक्चरमधे मी बघितलेलं नाही, तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बघणार असाल तर इटालियन ऑडिओ आणि सबटायटल्स घ्या, इंग्रजी डबिंगमधे जँगोचा आवाज त्याच्या चेहऱ्याला जातच नाही. मुलं झोपल्यावर लावा, एका माणसाचा कान कापून त्यालाच खायला घालतात असा सीन आहे, ब्रिटनमधे तर १९९३ पर्यंत सेन्सॉरने याला सर्टिफिकेट दिलं नव्हतं. दीड तासाचा आहे, एका बैठकीत होतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.