किडनीच्या प्रशिक्षणानंतरचे सात महिने : उपकेंद्रावरचा अनुभव

मी पन्हाळा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. जूनमध्ये कोल्हापुरात सीकेडीचं, म्हणजे किडनीच्या जुनाट आजाराचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले, आशाताई सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. नंतर दर महिन्याला तासभर ऑनलाइन केसचर्चा, आणि भिंतीवर लावायला एक तक्ता. सात महिने वापरून झाल्यावर लिहितेय.

सगळ्यात मोठा फरक क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या कचऱ्याचा आकडा, वाचण्यात पडला. आधी रिपोर्टवर 1.3 आलं आणि लॅबची खूण नसली की ‘नॉर्मल’ लिहून मोकळं व्हायचो. प्रशिक्षणात हेच 1.3 दोघांना लावून दाखवलं. ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा अंदाज, 28 वर्षांच्या तरुणाचा साधारण 77 आला आणि 62 वर्षांच्या बाईचा 46. मी मोबाइलवर आकडे दोनदा घालून बघितले, तेव्हा पटलं. परत आल्यावर बीपी-शुगरची जुनी रजिस्टरं काढली. साठीपुढच्या बायकांचे ‘नॉर्मल’ रिपोर्ट पुन्हा मोजले, तर ईजीएफआर 60 च्या खालचे, म्हणजे किडनीचं काम कमी झालेले, बरेच निघाले. त्यातले काही शेरे माझ्याच अक्षरातले होते. फार वाईट वाटलं.

एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, हेही तिथंच पक्कं झालं.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ असं विचारलं की माणसं बीपी-शुगरच्याच सांगतात. आता ‘दुखण्यावर काय घेता?’ हे वेगळं विचारतो. 66 वर्षांच्या एका आजींनी आधी ‘बीपीची एकच’ म्हणून सांगितलं. दुसरा प्रश्न विचारल्यावर चंची सोडली. पान-सुपारीच्या खाली डायक्लोफिनॅकची, म्हणजे किडनीला त्रास देऊ शकणाऱ्या दुखण्यावरच्या गोळीची, कापलेली अर्धी पट्टी. म्हणाल्या, “ते औषद न्हवं बाई, भांगलायला जायच्या आदी घ्याची गोळी हाय ती.” क्रिएटिनिन 1.6, ईजीएफआर 35. ती गोळी बंद केली, डॉक्टरांनी गरजेपुरती पॅरासिटामॉल दिली, गुडघ्याला शेक सांगितला. तीन महिन्यांनी 1.3, म्हणजे 45. आजार आहेच, पण ते दहा अंक मला फार मोलाचे वाटतात. आता आमच्या आशाताई घरभेटीत चंचीसुद्धा बघायला मागतात.

टेल्मिसार्टन या बीपीच्या, किडनीही जपणाऱ्या गोळीबद्दलची भीतीही गेली. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं की आम्ही घाबरून गोळी बंद करायला सांगायचो. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं, हे तक्त्यावर लिहिलंय. रोज उपयोगी पडतं.

आता तक्रारी. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजणारी एसीआर तपासणी किती महत्त्वाची, यावर अर्धा दिवस शिकवलं, पण आमच्याकडे लघवीत बुडवायची साधी पट्टीच आहे. सुरुवातीचं थोडं अल्ब्युमिन तिच्यावर दिसत नाही. मग नमुना बाहेर पाठवा, रिपोर्टची वाट बघा, तोवर माणूस परत येतोच असं नाही. शेवटची चाचणी इंग्रजीत होती. एरवी घराघरातलं औषध तोंडपाठ सांगणाऱ्या आशाताई पेपर पुढ्यात घेऊन नुसत्या बसून राहिल्या, हे मला अजिबात आवडलं नाही. आहाराचा कागद तर ओट्स आणि सूपवाल्या घरांसाठी केलेला. इथं मीठ जातं ते खर्डा, लोणचं आणि कांदा-लसूण चटणीतून. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे सपाट एक चमचा, तोही चटणीतलं धरून, हे आम्हीच वाटीत काढून दाखवायला लागलो. कमी सोडियमचं मीठ मात्र स्वतःच्या मनानं आणू नका असं आवर्जून सांगतो, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमजोर असली की ते रक्तात साठू शकतं.

एका गोष्टीवर प्रशिक्षणात शब्दही नव्हता, ती म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या. गेल्या आठवड्यात बीडकडच्या एका बाईंचा ईजीएफआर 60 च्या खाली आला. उन्हात कोयता, पाणी कमी आणि अंग दुखलं की तीच गोळी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तर तोवर त्या गावाकडे परतलेल्या असणार. आकडा, तारीख आणि कुठली गोळी टाळायची ते मराठीत लिहून चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. त्यांनी ती आधार कार्डाबरोबर ठेवली. पुढच्या केसचर्चेत हाच प्रश्न घेणार आहे.