फिजिओचा खर्च: साधी पॉलिसी, ओपीडी रायडर की स्वतःचा खिसा?

ऐरोलीच्या आयटी पार्कात खुर्चीत बसून मान धरलेला तिशीतला माणूस आणि गुडघा बदलायचं ठरवलेल्या नौपाड्यातल्या आजी. फिजिओ (फिजिओथेरपी) दोघांनाही लागणार, पण विमा बघताना दोघांचं गणित वेगळं.

आजींची पॉलिसी जुनी असेल तर काम सोपं. ॲडमिट होऊन शस्त्रक्रिया झाली की साध्या पॉलिसीतही डिस्चार्जनंतरचा खर्च मिळतो. आरोग्य संजीवनीत (सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची मिळणारी पॉलिसी) ६० दिवसांपर्यंतचा, काही प्लॅनमध्ये त्याहून जास्त दिवसांचा. अडतं ते कागदांवर. सर्जनच्या चिठ्ठीवर फिजिओ किती आठवडे हे लिहिलेलं हवं. पावतीवर तारीखवार सेशन, फिजिओंची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. घरी येणारे फिजिओ बरेचदा महिनाअखेरीस यूपीआयवर पैसे घेतात. नुसत्या स्क्रीनशॉटवर क्लेम पास होईल या भरवशावर राहू नका, पहिल्याच दिवशी पावतीचं बोलून घ्या. काही पॉलिसींत घरचे सेशन धरतच नाहीत, तेही आधी वाचा. पॉलिसी नवी असेल तर सांधेरोपणाला पॉलिसीनुसार साधारण २४ ते ३६ महिने थांबावं लागतं, आणि आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत.

मानवाल्याला मात्र साध्या पॉलिसीतून काहीच मिळत नाही, कारण तो ॲडमिट होत नाही. त्याच्यासाठी ओपीडी रायडर, म्हणजे ॲडमिट न होता झालेल्या खर्चासाठी जादा हप्ता भरून पॉलिसीला जोडलेलं संरक्षण. समजा मर्यादा ५,००० आणि जादा हप्ता ४,०००. सेशनचे ६०० धरले तर दहा सेशनचे ६,०००. म्हणजे मर्यादा पुरती वापरली तरी हातात हजार रुपये, आणि मान दुखलीच नाही तर चार हजार गेले. त्यातही काही रायडर फक्त डॉक्टरांची फी आणि तपासण्या देतात, फिजिओ नाही. माझं मत विचाराल तर घरात वर्षभर ओपीडीचा खर्च नसेल तर खिशातूनच द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. तो वाचलेला पैसा मूळ विमा रक्कम वाढवायला वापरलेला बरा. त्याआधी ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी आहे का, हे एचआरला विचारा. अनेकांना ते माहीतच नसतं.

पंचकर्माचं विचारणाऱ्यांसाठी: एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरायचं आहे, पण तिथेही मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल होणं आलंच. मान कडकन मोडून दाखवणारे रीलवाले यात धरूच नका.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, आणि त्याला फी लागत नाही.